हळदीची गोळी आणि यंत्राची साक्ष

डोंबिवलीहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. पत्र मोठें मजेदार आहे आणि त्यांतील प्रश्न तितकाच गंभीर. म्हणून या वेळचें हें सदर आम्हीं त्यालाच वाहिलें आहे. या भगिनींचें कुटुंब तीन पिढ्यांचें. सासूबाईंचे गुडघे दुखतात. कोणा आप्तानें त्यांस हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली आणून दिली आणि 'यावर परदेशांत संशोधन झालेलें आहे' असा छातीठोक हवालाहि दिला. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें तो शोधनिबंध शोधून काढला आणि हल्लीं ज्याच्या त्याच्या हातीं असलेल्या भाषायंत्रापुढें, म्हणजे इंग्रजींत ज्यास लँग्वेज मॉडेल म्हणतात त्यापुढें, ठेवून विचारलें, 'हें संशोधन भक्कम आहे ना?' यंत्रानें उत्तर दिलें कीं, होय, प्रयोगाची मांडणी चांगली असून निष्कर्ष विश्वसनीय दिसतो. संध्याकाळीं कचेरींतून परतल्यावर त्याच्या वडिलांनीं तोच निबंध त्याच यंत्रापुढें ठेविला आणि विचारलें, 'यांत कांहीं दम नाहीं ना?' यंत्र म्हणालें, आपली शंका रास्त आहे. रुग्ण थोडे, मुदत अल्प, निष्कर्षावर विसंबूं नये. घरांत हंशा पिकला. मात्र मामंजी हंसले नाहींत. ते डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यांत रसायनतज्ज्ञ म्हणून हयात घालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, 'एकाच नमुन्याचे दोन आंकडे आले, तर आम्ही आधीं नमुन्यावर नव्हे, उपकरणावर संशय घेत असूं.' भगिनी विचारतात कीं, संशोधन टिकाऊ आहे कीं नाहीं हें ओळखण्याच्या कामीं या यंत्राची साक्ष कितपत धरावी? आणि सासूबाईंनीं गोळी घ्यावी कीं न घ्यावी?

मामंजींनीं नेमक्या जागीं बोट ठेविलें आहे. शास्त्राची सारी प्रतिष्ठा एका अटीवर उभी आहे. जें एकास दिसलें तें, तीच कृति केली असतां, दुसऱ्यासहि दिसलें पाहिजे. यास आपण पुनःप्रत्यय म्हणूं. याचें अगदीं निर्भेळ उदाहरण आपल्या ठाण्याशींच निगडित आहे. डहाणू आतां पालघर जिल्ह्यांत मोडतें. पण १९०५ सालीं, जेव्हां दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तेथें जन्मले, तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत होतें. कापरेकरांचें माध्यमिक शिक्षण ठाण्यास झालें. पुढें नाशिकच्या बाजूस शाळामास्तरकी करतां करतां त्यांनीं आंकड्यांशीं जन्मभर स्नेह ठेविला. १९४९ सालीं मद्रासच्या गणितपरिषदेंत त्यांनीं ६१७४ या संख्येचा चमत्कार मांडला. कोणतीहि चार आंकडी संख्या घ्यावी, मात्र चारहि आंकडे एकच नसावे. ते उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येईल त्या बाकीवर हीच क्रिया पुन्हां करावी. कापरेकरांचें जन्मसालच घेऊं. ९५१० मधून ०१५९ गेले, उरले ९३५१. पुढें क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या वजाबाकीस ६१७४. तेथून पुढें कितीहि वेळां केलें तरी ६१७४ च. कोणत्याहि संख्येस सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहींत. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या सदरांत कापरेकरांवर लिहिलें आणि जगभरच्या वाचकांनीं घरोघर कागद-पेन्सिल घेऊन हा पडताळा पाहिला. यांत कापरेकरांवर विश्वास ठेवण्याची कोणास गरजच पडली नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें आजच आपल्या मुलास पाटी घेऊन बसवावें.

परंतु गणिताबाहेर पाऊल टाकलें कीं हें सुख संपतें. घरचेंच उदाहरण सांगावयाचें तर अनारशांचें. दिवाळीच्या सुमारास छापून आलेली कृति वाचून किती नव्या सुनांनीं पहिल्याच वर्षीं रडवें तोंड केलें असेल! कृतींत 'तांदूळ भिजवून वाळवावे' इतकेंच असतें. तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावें, सावलींत वाळवतांना किंचित् दमट असतांच उचलावे, गूळ चिकट घ्यावा कीं कोरडा, हें सारें लिहिणारीच्या हातांत असतें, कागदावर उतरत नाहीं. मग अनारसा तुपांत हंसतो, आणि सासूबाईहि हंसतात. लिहिणारी खोटें बोलली असें नव्हे. तिचे अनारसे खरोखरीच जाळीदार होतात. पण तिच्या कृतीनें दुसरीचे होत नाहींत, एवढेंच.

शोधनिबंधांची गत पुष्कळदां हीच आहे, आणि हें आम्ही अंदाजानें म्हणत नाहीं. कर्करोगावरील गाजलेले प्रयोग पुन्हां करून पाहण्याचा एक मोठा उपक्रम अमेरिकेंत झाला व त्याचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. ५३ निबंधांतील १९३ प्रयोग करावयाचे योजिले होते. पार पडले ते २३ निबंधांतील अवघे ५०. त्या १९३ पैकीं एकाहि प्रयोगाची संपूर्ण कृति निव्वळ छापील निबंधावरून जुळवितां आली नाहीं. मूळ संशोधकांस पत्रें लिहून विचारावें लागलें, आणि कित्येकांकडून समाधानकारक उत्तरहि आलें नाहीं. त्यापूर्वीं २०१५ सालीं मानसशास्त्रांतील १०० प्रयोगांची फेरतपासणी झाली होती. मूळ निबंधांपैकीं ९७ टक्क्यांनीं संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरणारा परिणाम सांगितला होता. फेरतपासणींत तसा परिणाम ३६ टक्क्यांतच आढळला. आतां प्रत्येक निबंध पुन्हां करून पाहावा म्हटलें तर पैसा, काळ आणि माणसें कोठून आणावयाचीं? जगांत दरवर्षीं लक्षावधि निबंध छापले जातात. तेव्हां कोणते आधीं तपासावे एवढें तरी सांगणारा कोणी अथक वाचक मिळाला तर हवाच आहे. भाषायंत्राकडे शास्त्रज्ञांची नजर वळली ती या निकडीनें. केवळ नवलाईनें नव्हे.

या यंत्राची मूळ करामत थोडक्यांत अशी. अफाट छापील मजकूर वाचून कोणत्या शब्दांमागें कोणते शब्द येतात याचा सूक्ष्म ठाव त्यानें घेतलेला असतो, आणि त्या बळावर तें नवा मजकूर जुळवितें. २०२० सालीं अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं याच जातीच्या पण पुष्कळ साध्या यंत्रास, पूर्वीं फेरतपासणी झालेल्या निबंधांचा मजकूर आणि त्यांचा निकाल असे दोन्ही दाखवून शिकविलें. नंतर नव्या निबंधांचे निव्वळ शब्द वाचून कोणता टिकेल व कोणता टिकणार नाहीं याचें त्यानें जें भाकीत केलें, तें निबंधांतील आंकड्यांवरून केलेल्या अंदाजाहून सरस ठरलें. म्हणजे माणसाच्या बोलण्याच्या ढबेवरून साक्षीदार ओळखणाऱ्या जुन्या वकिलासारखेंच कांहींसें.

कागदावरचा दोष हुडकून काढण्याचें काम तर यंत्रास चांगलेंच साधावें. याचें एक उदाहरण आपल्या सर्वांच्या अंगावरून गेलेलें आहे. मे २०२१ मध्यें, कोविडच्या दुसऱ्या लाटेंत, गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनीं जाहीर केलें कीं, अठरा वर्षांवरील प्रत्येकास आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पांच दिवस द्यावयाच्या. आमच्या ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या घरांतूनहि त्या वेळीं या गोळ्यांच्या पट्ट्या कपाटांत दिसत. या औषधाची महति वाढविणाऱ्या निबंधांत इजिप्तमधील एक निबंध ठळक होता. नोव्हेंबर २०२० मध्यें तो तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वींच प्रसिद्ध केला गेला होता, आणि औषधानें मृत्यूंचें प्रमाण नव्वद टक्क्यांनीं घटतें असा त्याचा डंका होता. गोव्याचा निर्णय त्या एका निबंधावर उभा होता असें आमचें म्हणणें नाहीं. पण जगांतील अनेक बेरजा-वजाबाक्यांत त्याचे आंकडे मिळविले गेले होते. लंडनमध्यें शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यास तो निबंध अभ्यासासाठीं वाचावयास मिळाला, आणि प्रस्तावना वाचतांच त्याला वास आला. दुसरीकडचीं वाक्यें उचलून त्यांत समानार्थी शब्द पेरले होते, आणि तेंहि इतक्या आंधळेपणानें कीं, रोगाचें ठरलेलें वैद्यकीय नांवच बदलून गेलें होतें! पुढें मूळ आंकडे उघडून पाहिले, तर कांहीं रुग्ण प्रयोग सुरू होण्यापूर्वींच मृत झाल्याची नोंद. जुलै २०२१ मध्यें तो निबंध मागें घेण्यांत आला. पुढें मार्च २०२२ मध्यें १,३५८ रुग्णांवरील चोख प्रयोगाचा निकाल छापून आला. आयव्हरमेक्टिननें कांहीं लाभ दिसला नाहीं.

विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेंत पाऊल टाकलें नव्हतें. त्यानें फक्त नीट वाचलें. तारखांचा मेळ, बेरजांचा मेळ, उसनीं वाक्यें, कृतींतील गाळलेल्या जागा, हें सारें न थकतां, रात्रीं दोन वाजतांहि, करणारें यंत्र आठ महिने आधीं त्या निबंधास भेटलें असतें, तर कांहीं घरांतील खर्च व खोटी आशा तरी वांचली असती. नातवाचा उत्साह म्हणून आम्हांस फोल वाटत नाहीं.

मात्र याच्या पलीकडे यंत्राची धांव कोठें थांबते तें सांगण्यास पुन्हां हळदच बरी. हळदींतील पिवळें द्रव्य करक्युमिन. त्यावर जगांत हजारों निबंध आहेत आणि बहुतेकांचा सूर स्तुतीचा आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील औषधरसायनाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकांत कांहीं रसायनतज्ज्ञांनीं या साऱ्याची छाननी केली. त्यांचें म्हणणें असें कीं, हें द्रव्य परीक्षानळींत स्वतःच चमकतें, हातीं येईल त्या प्रथिनास चिकटतें आणि लवकर विघटतें. त्यामुळें उपकरण 'गुण आला' म्हणून दाखवितें तें पुष्कळदां औषधाचें नव्हे, रंगाचें व चिकटपणाचें कर्तृत्व असतें. हळदीचा डाग पदरास लागतो तसा तो उपकरणासहि लागतो म्हणावयाचा! आपल्या देशांतील संशोधकांनीं त्यास उत्तरहि दिलें आणि तो वाद मिटलेला नाहीं. पण पाहा, समजा अशा एखाद्या निबंधाचे लेखक प्रामाणिक, तारखा बरोबर, बेरजा बरोबर. शब्द वाचणाऱ्यास त्यांत काय खटकणार? उलट, यंत्राचें ज्ञान छापील मजकुराच्या राशींतून आलेलें, आणि रास स्तुतीची. तेव्हां तें स्तुतीकडेच झुकण्याचा संभव अधिक. तांदूळ किती दिवस भिजवावे हें कृतींत लिहिलेलें नाहीं, एवढें यंत्र सांगेल. अनारसा हंसेल कीं नाहीं हें तुपालाच ठाऊक.

दुसरी अडचण याहून खोल आहे. एखादें यंत्र म्हणालें कीं, अमुक दहा निबंधांपैकीं आठांचा निकाल मी बरोबर वर्तविला, तर आधीं विचारावें कीं, ते निकाल तुझ्या वाचनांत आधींच आले नव्हते ना? फेरतपासणीचे गाजलेले निकाल वृत्तपत्रांतूनहि छापले गेले. यंत्रानें तेहि वाचले असणार. उत्तरपत्रिका पाहून बसलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांस काय अर्थ?

अशा साक्षीदाराची परीक्षा कशी घ्यावी याचा वस्तुपाठ पुण्यांतच झालेला आहे. कै. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, कै. डॉ. नरेंद्र दाभोलकर आदि मंडळींनीं फलज्योतिषाची जी चांचणी घेतली ती 'करंट सायन्स' या नियतकालिकांत २००९ सालीं प्रसिद्ध झाली. शंभर हुशार मुलें आणि शंभर मतिमंद मुलें यांच्या पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची हें ज्योतिष्यांस कळण्यास वाव ठेविला नाहीं. ५१ ज्योतिषी पुढें आले. प्रत्येकास ४० पत्रिका दिल्या. २७ जणांनीं उत्तरें पाठविलीं. त्यांचें यश सुमारें ४६ टक्के भरलें. एका संस्थेनें सगळ्या दोनशें पत्रिका पाहिल्या. त्यांपैकीं १०२ बरोबर. नाणें उडवूनहि याहून फारसें निराळें घडलें नसतें. ज्योतिषावर श्रद्धा असणाऱ्या आमच्या वाचकांस हा निकाल रुचणार नाहीं हें आम्ही जाणतों, आणि तो वाद येथें उकरूनहि काढावयाचा नाहीं. आम्हांस मोल वाटतें तें रीतीचें. तोंडओळख नाहीं, आगाऊ सुगावा नाहीं, प्रश्नांतून सूचना नाहीं, आणि निकाल मोजण्याचें माप आधींच ठरलेलें. यजमानाचा चेहरा पाहून भविष्य सांगणाऱ्यास येथें वाव उरत नाहीं.

यंत्राचीहि पत्रिका याच रीतीनें पाहिली पाहिजे. ज्या निबंधांची फेरतपासणी अद्याप व्हावयाची आहे ते त्याच्यापुढें ठेवावे, त्याचें भाकीत मोहोरबंद करावें, मग प्रयोग करावा, आणि नंतर पाकीट फोडावें. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेनें २०१९ पासून याच धर्तीचा एक उपक्रम हातीं घेतला होता. केवळ मत देण्याऐवजीं यंत्राकडून प्रत्यक्ष काम करवून घेण्याचेहि प्रयत्न चालू आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनीं २०२४ सालीं ९० निबंध निवडले, ज्यांचे आंकडे व गणनाविधि मूळ लेखकांनीं उघड ठेविले होते, आणि यंत्रास सांगितलें कीं, ही गणना पुन्हां करून तोच निकाल काढून दाखव. सर्वांत कठीण पायरीवर त्या वेळच्या उत्तम यंत्रास शेंकडा २१ कामें साधलीं. पुढें नव्या यंत्रांनीं यांत झपाट्यानें प्रगति केली. ही वाट आम्हांस अधिक सरळ दिसते, कारण येथें यंत्र कौल देत नाहीं, कापरेकरांच्या वाचकांप्रमाणें वजाबाकी करून दाखवितें, आणि ती वजाबाकी आपणांसहि तपासतां येते. अर्थात् ती आंकड्यांची पुनरावृत्ति. रुग्णांची, उंदरांची वा तांदळाची नव्हे.

आतां डोंबिवलीच्या घराकडे वळूं. मुलास एक उत्तर आणि बापास दुसरें, याचें कारण यंत्राचा लहरीपणा थोडा असतो हें खरें. तोच प्रश्न दोनदां केला तरी शब्द बदलतात, कधीं मतहि बदलतें. पण येथें मुख्य दोष प्रश्नांत होता. दोघांच्याहि प्रश्नाच्या शेवटीं 'ना?' होतें, आणि या यंत्रांस विचारणाऱ्याच्या सुरांत सूर मिळविण्याची खोड आहे. तेव्हां नातवानें 'हें खरें का?' असें न विचारतां असें विचारावें: रुग्ण किती होते, किती आठवडे, तुलनेसाठीं खोटी गोळी दिली होती का, कोणास कोणती मिळाली हें डॉक्टरांपासून व रुग्णांपासून लपविलें होतें का, कृतींतील कोणती गोष्ट लिहावयाची राहिली आहे, आणि प्रत्येक उत्तरास निबंधांतील वाक्य दाखव. मग तें वाक्य निबंधांत खरोखरच आहे कीं नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, कारण नसलेलीं वाक्यें व नसलेले ग्रंथहि हीं यंत्रें कधीं कधीं मोठ्या सफाईनें सांगतात. लेखकांचीं व विद्यापीठाचीं नांवें झांकून तोच निबंध दुसऱ्या दिवशीं पुन्हां पुढें ठेवावा. मामंजींस ही तपासणी आवडेल असा आमचा कयास आहे. उपकरण नमुन्यापूर्वीं तपासण्याची त्यांची संवय येथें घरास उपयोगी पडावी.

आम्हीं तो निबंध पाहिला. ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया येथें ७० गुडघेदुखीच्या रुग्णांवर बारा आठवडे केलेला, २०२० सालीं प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. खोटी गोळी होती, लपवाछपवीहि व्यवस्थित होती. अर्क घेणाऱ्यांचें दुखणें खोट्या गोळीवाल्यांहून कांहींसें अधिक कमी झालें. मात्र गुडघ्याच्या आंतील सूज व पाणी यांत फरक दिसला नाहीं. मोठ्या प्रमाणावर, अनेक ठिकाणीं हा प्रयोग पुन्हां झाला पाहिजे असें खुद्द संशोधकांनींच म्हटलें आहे. म्हणजे नातू व त्याचे वडील दोघांनाहि यंत्रानें सांगितलेलें अर्धें अर्धें बरोबर होतें.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. स्वयंपाकांतील चिमूटभर हळद निराळी आणि अर्काची गोळी निराळी. गोळींत द्रव्य कितीतरी पट, शिवाय तें अंगीं लागावें म्हणून कांहीं गोळ्यांत मिऱ्यांचें सत्त्वहि घातलेलें असतें; अशा गोळ्यांनीं यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयांत आहेत, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांबरोबर त्या जपूनच घ्याव्या लागतात. सासूबाई रक्तदाबाच्या व 'आणखी एका' गोळीवर आहेत असें पत्रांत आहे, ती कोणती तें भगिनींनीं लिहिलेलें नाहीं. तरी ती बाटली, तिच्यावरील घटकांची चिठ्ठी आणि रोजच्या साऱ्या गोळ्या एका पिशवींत घालून सासूबाईंस येत्या आठवड्यांत आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे न्यावें, आणि तोंवर बाटलीचें झांकण लावूनच ठेवावें.